खरवडलेला नंबर

जे आता लिहितो आहे ते मी आजवर कोणाजवळही बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, मुलाजवळ नाही. आणि ज्याच्याजवळ सर्वांत आधी बोलायला हवे होते त्याच्याजवळ तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, तेव्हा तुमच्यापुढे तोंड उघडणे सोपे जाईल अशी माझी समजूत होती — तीही चुकीची निघाली. गेले तीन आठवडे मी पहिलेच वाक्य लिहितो आहे आणि खोडतो आहे. मुलाला वाटते, हात कापतो म्हणून बाबांना लिहिणे जमत नाही. हात कापतो हे खरे. पण खोडाखोड हातामुळे होत नाही.

अंबडला माझे दुरुस्तीचे दुकान होते. जालना जिल्हा औरंगाबादेतून वेगळा झाला त्याच साली मी ते टाकले. सुरुवातीला रेडिओ आणि टेप, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर, आणि शेवटची दहा-बारा वर्षे लॅपटॉप. लोक मला मास्टर म्हणत. एका गोष्टीसाठी माझे नाव होते : बोर्डावरचा अनोळखी पार्ट ओळखणे. नंबर पुसलेला असो, पार्ट जळून कोळसा झालेला असो, बोर्डाचा नकाशा कुठे मिळत नसो — मी मीटरच्या दोन काड्या आणि एक भिंग घेऊन बसे, आणि तो पार्ट काय आहे, कशासाठी आहे, त्याच्या जागी दुसरे काय चालेल, हे सांगूनच उठे. परभणीहून लोक बोर्ड घेऊन येत. हा गर्व होता का? होता. पण तो पोकळ नव्हता, हे मी आजही कोणाशीही भांडून सिद्ध करीन.

आणि तरीही एक दिवस असा आला की — पण थांबा. त्या दिवसाविषयी जे सांगितले जाते ते आधी मोडून काढू द्या. त्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

चार महिन्यांपूर्वी तालुक्यातल्या दुरुस्तीवाल्यांनी एक स्मरणिका काढली. तीत माझ्यावर दोन पाने आहेत. लिहिणारा चांगला माणूस आहे, मला वडिलांच्या जागी मानतो. त्याने लिहिले आहे की अंबडच्या कोर्टासमोर एकदा एका लॅपटॉपचा बोर्ड मास्टरांपुढे ठेवला गेला, आणि एवढ्या मोठ्या कारागिराने भर लोकांत ‘हा पार्ट माझ्या ओळखीचा नाही’ असे सांगितले. ज्ञान असूनही अशी नम्रता आता पाहायला मिळत नाही. माझ्या मुलाने हा परिच्छेद घरी आलेल्या पाहुण्यांना मोठ्याने वाचून दाखवला. मी उठून आत गेलो. दुसऱ्या दिवशी लिहिणाऱ्याला फोन केला आणि विचारले, हे तुला कोणी सांगितले? तो गडबडला. म्हणाला, मास्टर, तुमचं कौतुकच केलं ना. मी म्हणालो, ते कौतुक परत घे. त्याला वाटले, म्हातारा भांडखोर आहे, होता तसाच आहे. त्यात त्याचे काय चुकले?

कोर्टाच्या कँटीनमध्ये हीच गोष्ट वेगळी सांगतात. तिथल्या गोष्टीत मी नम्र नाही, मी न्यायी आहे : स्वतःच्या मेहुण्याने पार्ट चोरला, आणि मास्टरांनी नात्याची भीड न ठेवता सत्य सांगितले. माझा मुलगा मवाळ स्वभावाचा. त्याची गोष्ट अशी की कोणीच काही चोरले नाही, कंपनीचाच पार्ट निकृष्ट होता. आणि माझ्या सासुरवाडीकडे, पिंपळगाव रेणुकाईला, दबक्या आवाजात म्हणतात की मास्टरला मेहुण्याचे दुकान चाललेले पाहवले नाही.

हे सगळे खोटे आहे. मी नम्र नव्हतो. मी न्यायी नव्हतो. कंपनीच्या पार्टबद्दल मुलाला काही माहिती नाही. आणि मत्सराची गोष्ट — ती खरी असती तर बरे झाले असते असे मला कधीकधी वाटते. मत्सरात निदान काही धग असते, माणूस त्यात जळतो. मी जे केले ते अगदी थंडपणे केले, खुर्चीवर बसून, डोळ्याला भिंग लावून.

तर दत्ता. दत्ता हा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. कॉलेज अर्धवट सोडून बाविसाव्या वर्षी तो माझ्याकडे अंबडला आला आणि अकरा वर्षे माझ्या समोरच्या टेबलावर बसला. हात माझ्याइतका साफ नव्हता, पण डोके शांत होते. घाई कधी केली नाही, आणि अंदाजाने कधी काही बसवले नाही. पुढे त्याने कोर्टासमोर स्वतःचे दुकान काढले. दोन टेबले मावतील एवढीच जागा. नारळ मी फोडला. टायपिस्टांचे कॉम्प्युटर, वकिलांचे प्रिंटर, मुद्रांकवाल्याचे झेरॉक्स मशीन, असे त्याचे काम. सगळे गिऱ्हाईक कोर्टाच्या आवारातले. माझे गिऱ्हाईक त्याच्याकडे जात नसे, त्याचे माझ्याकडे येत नसे. म्हणून म्हणतो, मत्सर नव्हता.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगतो. रेडिओच्या काळापासूनची आहे. आपण डोके झिजवून एखाद्या पार्टला पर्याय शोधला आणि तो बसवला, की ब्लेड घेऊन त्याच्या पाठीवरचा नंबर खरवडून टाकायचा. का? तर उद्या तो सेट दुसऱ्याच्या दुकानात उघडला गेला, तर आपले दोन दिवसांचे उत्तर त्याला आयते मिळू नये. सगळेच करत असे नाही. मी करत असे. मी डावखुरा आहे. त्यामुळे माझे ओरखडे उलट्या अंगाला तिरके पडतात. अकरा वर्षे समोर बसलेल्या माणसाला ते सहीसारखे वाचता येत.

दत्ताने ही रीत स्वतःच्या दुकानात मोडली. तो जो पार्ट बसवी त्याचा नंबर एका चिठ्ठीवर लिहून झाकणाच्या आतून चिकटवत असे. पुढच्याला सोपं जातं, म्हणे. मी त्याला गिऱ्हाइकांसमोर हसलो होतो. म्हणालो होतो, मंग उद्यापासून दुकानाची किल्ली बी चिकटव. तोही हसला होता.

आता लॅपटॉप. जाधव वकिलांचा. कोर्टातले असले तरी एवढ्या महागड्या मशीनसाठी ते माझ्याकडेच आले. त्या दिवसांत अंबडला लॅपटॉप बोटांवर मोजण्याइतके होते, आणि वकील तो काळ्या पिशवीत घालून कोर्टात असा नेत की लोक वळून पाहत. वकिलांच्या मुलाने पुण्याहून आणून दिलेला. उन्हाळ्यात एकदम बंद पडला. चार्जर लावला तरी दिवासुद्धा लागेना. माझ्या टेबलावर ठेवताना वकील म्हणाले, “मास्टर, एक बात ध्यानात ठेवा. आतला पार्ट बिलकुल बदलायचा नाही. सगळा माल कंपनीचा आहे. बदलायचाच असला तर आधी मला विचारायचं.”

त्यांचे चुकले असे नाही. आमच्या गिऱ्हाइकाला एकच भीती असते — मेकॅनिक आतला चांगला पार्ट काढून घेईल आणि कुठला तरी टाकाऊ बसवील. झाकण लागले की त्याला काही दिसत नाही. त्याच्याजवळ आमच्या शब्दाखेरीज काही नसते. या धंद्यात चोर ठरायला दुसरे काही करावे लागत नाही. ‘यानं पार्ट बदलला’ एवढे चार माणसांत बोलले गेले की दुकान संपले.

मी बोर्ड उघडला. चार्जरची वीज जिथून आत येते तिथे एक आठ पायांचा काळा पार्ट होता, करंगळीच्या नखाएवढा. मधोमध फुटलेला. जिथे नंबर असतो तिथेच नेमका खड्डा पडला होता. नकाशा नाही. औरंगाबादेत फोन केले, कोणाला माहीत नाही. मग मी भिंग लावून बसलो. एका बाजूचे तीन पाय आपसांत जोडलेले, चौथा एकटा. समोरच्या बाजूचे चारही एकत्र. म्हणजे हा वीज सोडणारा आणि अडवणारा दरवाजा. तो एकटा पाय दरवाजाची कडी. कडी कुठून हलते हे शोधत मी बोर्डाच्या पोटात शिरलो, एक एक रेघ मीटरने तपासत. दोन दिवस लागले. ते दोन दिवस सुखाचे होते — हे लिहिताना लाज वाटते, पण होते. जळालेल्या, मुक्या वस्तूला आपण तिचे नाव विचारतो आणि ती हळूहळू सांगते. ते सुख ज्याला माहीत नाही त्याला मी कसे समजावून सांगू?

ओळख पटली. त्या जातीचा पार्ट माझ्याकडच्या एका भंगार बोर्डावर होता. मात्र ताकदीने थोडा कमी. तेही मला कळले होते. गरम हवेने उतरवला, वकिलांच्या बोर्डावर बसवला, चार्जर लावला — दिवा लागला. बोट ठेवून पाहिले. तो तापत होता. फार नाही. पण मूळचा इतका तापला नसता.

इथेच मी वकिलांना सांगायला हवे होते. काय सांगायचे? की तुमचा पार्ट जळाला होता. त्याची जात मी ओळखली, पण पुरेशा ताकदीचा माझ्याजवळ नव्हता. भंगारातला उणा पार्ट बसवला आहे, जपून वापरा, मी चांगला मागवतो. एवढेच. पण या वाक्यात ‘माझ्याजवळ नव्हता’ हे शब्द होते, ‘भंगार’ हा शब्द होता. मला जमले नाही. वकील आले तेव्हा मी म्हणालो, कथलाचा टाका सुटला होता, मारून दिला; पार्ट सगळे कंपनीचेच आहेत. ते खूश झाले. चारचौघांत सांगत फिरले की मास्टरांनी पार्ट न बदलता मशीन उभं केलं. आणि झाकण लावण्यापूर्वी मी ब्लेड घेऊन नंबर खरवडला होताच. सवयीने. त्या घटकेला त्यात काही पाप आहे असे मनातही आले नाही.

आठ महिने लॅपटॉप चालला. मग बंद पडला. तेव्हा मी जालन्याला होतो. बायकोच्या डोळ्याचे ऑपरेशन होते, दुकान आठवडाभर बंद. वकिलांनी मशीन कोर्टासमोरच्या दुकानात, दत्ताकडे दिले.

मी परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दत्ता माझ्या दुकानात आला. बोर्ड वर्तमानपत्रात गुंडाळलेला. दुकानात दुसरे कोणी नाही हे पाहून त्याने तो टेबलावर उघडला आणि त्या आठ पायांच्या पार्टवर बोट ठेवले. हळू बोलत होता, नेहमी बोलायचा तसा.

“दाजी, ह्याचा नंबर तेवढा सांगा. मी आजच बसवून देतो. वकिलाला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, मी तोंड उघडत न्हाई.”

यापेक्षा सोपी सुटका माणसाला कधी मिळते का? नंबर मला पाठ होता. आजही आहे. सांगितला असता तर गोष्ट तिथेच, आम्हा दोघांत मिटली असती. मग मी का बोललो नाही? इतकी वर्षे मी याच एका जागेवर मीटर लावून बसलो आहे. सापडते ते एवढेच की पार्ट उणा होता हे त्याने पाहिले होते. ज्याला मी शिकवले, ज्याच्या चिठ्ठ्यांना हसलो, त्याच्या बोटाखाली माझे कच्चे काम होते. मी म्हणालो, “मी हात लावलेला न्हाई त्याला. टाका मारल्ता फक्त.”

दत्ताने ओरखड्यांकडे पाहिले. मग माझ्या डाव्या हाताकडे. मग बोर्ड पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळला, बायकोच्या डोळ्याची चौकशी केली, आणि गेला.

दुसरा कोणी असता तर त्याने अंदाजाने काहीतरी बसवून मशीन चालू केले असते. दत्ताने ते केले नाही. त्याने मशीन वकिलांना परत दिले आणि सरळ सांगितले की हा पार्ट गेला आहे, तो आधी कोणीतरी बदललेला आहे, नंबर खरवडलेला आहे, आणि नंबर कळल्याशिवाय मी तुमच्या मशीनमध्ये अंदाजाचा पार्ट घालणार नाही. कोणी बदलला ते मला सांगता येणार नाही. — ‘सांगता येणार नाही’, असे तो म्हणाला. ‘माहीत नाही’ असे म्हणाला नाही. हा फरक त्या दिवशी कोणाच्या ध्यानात आला नाही.

वकील ते वकीलच. त्यांनी हिशेब मांडला : मास्टरांकडून मशीन आले तेव्हा पार्ट कंपनीचे होते, हे मास्टरांचे शब्द. मधे मशीन दुसऱ्या कोणाच्या हातात गेले नाही. दत्ताकडे गेले, आणि बाहेर आले ते नंबर खरवडलेल्या पार्टसकट. मग बदलला कोणी?

कोर्टाची दुपारची सुट्टी होती. मला बोलावणे आले. मी गेलो तेव्हा दत्ताच्या दुकानासमोर पंधरा-वीस माणसे जमली होती. टायपिस्ट, कारकून, मुद्रांकवाला, तारखेला आलेले दोन-चार गावकरी. मला पाहून लोकांनी वाट दिली. खुर्ची पुढे सरकवली गेली. खोटे सांगत नाही, त्या क्षणीही मला ती वाट बरी वाटली. मुद्रांकवाला म्हणाला, आता बोर्ड स्वतःच कबुली देईल. लोक हसले. दत्ता टेबलापलीकडे उभा होता. वकिलांनी बोर्ड माझ्यापुढे ठेवला आणि विचारले, “मास्टर, बराबर बघून सांगा. हा पार्ट मूळचा आहे का?”

मी भिंग लावले. भिंगातून माझेच ओरखडे दिसत होते, सात की आठ, उलट्या अंगाला तिरके. आयुष्यात इतका ओळखीचा पार्ट मी कधी पाहिला नव्हता. किती वेळ पाहत राहिलो कोण जाणे. लोकांना वाटले असेल, मास्टर शोधताहेत. मी वाक्य शोधत होतो. सरळ खोटे बोलावे लागणार नाही आणि खरेही बाहेर येणार नाही असे वाक्य. ते मला सापडले. भिंग खाली ठेवून मी म्हणालो, “हा पार्ट माझ्या ओळखीचा नाही.” मी दिलेल्या मशीनमध्ये हा नव्हता, असे लोकांनी समजावे, आणि तसे मी बोललो नाही असे मला म्हणता यावे.

स्मरणिकेतली नम्रता ती ही. कँटीनमधला न्याय तो हा.

वकील दत्ताकडे वळले — आता बोल. मी मान खाली घातली नाही. उलट त्याच्याकडे पाहिले. त्याने बोलावे असे मला वाटत होते का? बोलला असता तर मी भांडलो असतो, मला माहीत आहे. आवाज चढवला असता, त्याच्या अर्धवट शिक्षणावर गेलो असतो, आणि जिंकलो असतो. दत्ता म्हणाला,

“दाजी म्हणत्यात तर तसंच असंल.”

लोकांनी याला कबुली धरले. मी उठलो, चप्पल घातली, माझ्या दुकानात येऊन एका राजूरवाल्याचा टीव्ही उघडला आणि संध्याकाळपर्यंत तो दुरुस्त केला. चांगला केला.

पुढे लॅपटॉप औरंगाबादेत सुधारला. तिथेही सांगितले गेले की पार्ट बदललेला होता. त्याने शिक्कामोर्तब झाले. दत्ताच्या दुकानासमोर कोणी तमाशा केला नाही, शिव्या दिल्या नाहीत. फक्त मशिने येईनाशी झाली. टायपिस्ट समोरून जाताना नमस्कार करत आणि कॉम्प्युटर पुढच्या गल्लीत नेत. एकाने तर प्रिंटर दिला आणि दुरुस्ती संपेपर्यंत स्टूल घेऊन शेजारी बसून राहिला, डोळ्यांत तेल घालून. दत्ताने त्याला चहा पाजला. वर्षभराने शटर ओढले, सामान टेम्पोत भरले आणि तो पिंपळगावला परत गेला. मी निरोपाला गेलो नाही. जालन्याला काम काढले.

तुम्हाला वाटेल, सांगायचे होते ते हेच. मलाही वाटले होते की इथवर आलो की संपेल. पण जे खरोखर सांगायचे आहे ते याहून लहान आहे, आणि ते घरातले आहे.

माझी बायको त्या दिवशी अंगणात मेथी निवडत बसली होती. तिच्या कानावर सगळे आधीच आले होते. तिने एकदाच विचारले, खरंच आपल्या दत्तानं केलं असंल का हो? मी म्हणालो, मी काय सांगू, बोर्ड समोर होता. तिने मेथीची जुडी पुन्हा पुढ्यात ओढली. तिने माझ्यावर विश्वास ठेवला. लग्न झाल्यापासून ठेवत आली होती. सख्ख्या भावाला तिने मनातल्या मनात चोर मानले, आणि ते ओझे एकटीने वाहू लागली. जेवताना मधेच थांबायची. माहेरचा फोन आला तर पदराला हात पुसत बसायची, उचलायची नाही.

त्या दिवाळीत भाऊबीजेला दत्ता आला, दर वर्षीसारखा. दुकान तेव्हा अजून उघडे होते, नावाला. हातात साडीचा पुडा. तिने पाट मांडला, रांगोळी काढली, त्याला बसवले. ओवाळले. मग तबक खाली ठेवले आणि मोठ्या बहिणीच्या अधिकाराने म्हणाली, “दत्ता, पोटापायी माणूस चुकतंय. झालं ते झालं. दाजीच्या पाया पड आन् माफी माग. म्हंजी माझ्या जिवाला घोर राहायचा न्हाई.”

मी शेजारच्या खुर्चीवर बसलो होतो. तिथून पाटापर्यंत अंतर ते किती? दोन हात. एवढ्या अंतरात मला बोलायला पुरेसा वेळ होता. दत्ताने आधी तिच्याकडे पाहिले — डोळ्याचे ऑपरेशन झालेले, त्या डोळ्याला पाणी सुटलेले. मग तो पाटावरून उठला, माझ्यापुढे आला, वाकला. कपाळावरचा ओला टिळा माझ्या पायाच्या बोटांना लागला. म्हणाला, “चुकलो, दाजी.”

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. आणि म्हणालो, “असू दे.”

हे आहे. हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. नंबर मी खरवडला, वकिलांशी खोटे बोललो, दुकानात नाकारले, चारचौघांत शब्द फिरवला — यातल्या प्रत्येकाला मी काहीतरी कारण शोधू शकलो असतो, वाद घालू शकलो असतो. वाद घालण्यात माझी हयात गेली. पण माझ्याच अपराधाची क्षमा मी त्याला केली. मोठ्या मनाने. आणि हात ठेवला तेव्हा मला हलके वाटले, हेही लिहून ठेवतो.

बायको गेली त्याला चार वर्षे झाली. शेवटपर्यंत ती शेजारणींना सांगायची की आमच्या ह्यांनी माझ्या भावाला पदरात घेतलं, दुसरा असता तर उंबरा चढू दिला नसता. मी आतल्या खोलीत ऐकत असे. तिच्या आजारपणात तीन आठवडे ती अंथरुणावर होती आणि मी उशाशी होतो. बोलायला वेळ नव्हता असे म्हणता येणार नाही. दहाव्याच्या दिवशी दत्ता पिंपळगावहून आला. सगळे उरकल्यावर आम्ही दोघेच ओसरीवर होतो. त्याने विचारले, दाजी, अक्काला कधी सांगितलं व्हतं का? मी न्हाई म्हणालो. तो म्हणाला, “मी बी न्हाई.” एस.टी.ची वेळ झाली म्हणून उठला.

तेव्हा जाधव वकील, तुम्ही हे वाचत असाल तर : तुमच्या मशीनमधला पार्ट मी बदलला होता. दत्ताने त्याला ब्लेडही लावले नाही आणि हवाही दिली नाही. स्मरणिकेवाल्यांनी आपली दोन पाने फाडून टाकावीत. मुलाने पाहुण्यांना वाचून दाखवायचे असेल तर हे दाखवावे. पिंपळगावच्या लोकांनी मत्सर म्हणणे सोडावे. त्यांनी माझ्याविषयी फार वरवरचा विचार केला.

दत्ता आता साठीला आला आहे. शेती करतो, आणि आसपासच्या विहिरींवरच्या मोटारींचे स्टार्टर दुरुस्त करून देतो. हे मी छापायला देतो आहे असे त्याला कळवलेले नाही. कोणीतरी त्याच्यापुढे नेऊन ठेवीलच. त्याच्याकडे जाऊन माफी मागणार का, असे तुम्ही विचाराल. नाही. मागितली तर तो देईल. विचार न करता, उभ्या उभ्या देईल, आणि वर मला बसायला सतरंजी टाकील. त्याच्याकडून मी आधीच पुष्कळ घेतले आहे.